सभागृहाच्या दारातील शपथ

ब्रिटनच्या पार्लमेंटचे कनिष्ठ सभागृह, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्स, सार्वत्रिक निवडणुकीनंतर प्रथम भरते तेव्हा तेथे लगेच कायदे होत नाहीत आणि वादविवादही होत नाहीत. सभापतीची निवड झाली की शपथविधी सुरू होतो. एकेक सभासद मेजापाशी येतो, आपल्या धर्माचा ग्रंथ हाती घेतो आणि राजाशी, त्याच्या वारसांशी व उत्तराधिकाऱ्यांशी निष्ठा राखीन असे देवाला साक्षी ठेवून सांगतो. ज्याला शपथ नको तो प्रतिज्ञा करतो. हजारो मतांनी निवडून आलेल्या मनुष्यालाही हे शब्द उच्चारल्याखेरीज आसनावर बसता येत नाही, मत देता येत नाही, वेतन घेता येत नाही. शब्द न उच्चारता तो बसला आणि त्याने मत दिले तर पाचशे पौंड दंड होतो. शिवाय तो मरण पावला असे समजून त्याची जागा रिकामी धरली जाते. शब्दांवाचून मनुष्य जिवंतपणी मेलेला ठरावा, इतके सामर्थ्य एका वाक्यात आहे.

१८९२ साली या मेजापाशी मुंबईचे दादाभाई नौरोजी उभे राहिले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे हे माजी प्राध्यापक लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी निवडून आले होते. त्यांच्या नावाचा उच्चार न जमणाऱ्या लोकांनी त्यावरून त्यांना 'नॅरो मेजॉरिटी' असे विनोदी नाव दिले. दादाभाईंनी शपथ घेतली ती हाती खोर्देह अवेस्ता हा पारशी प्रार्थनाग्रंथ धरून. दादाभाई निवडून आले हे आपण शाळेत शिकलो. परंतु ज्या दारातून ते आत गेले ते त्यांच्यासाठी उघडे कसे राहिले, हे शाळेत कोणी सांगितले नाही. त्या दाराला दीर्घकाळ एक अडसर होता आणि त्या अडसरावर आपल्या प्रभूचे नाव कोरलेले होते. तो काढण्यासाठी झटणाऱ्यांत एक यहूदी व एक नास्तिक अग्रभागी होते. तो राहावा म्हणून लढणाऱ्यांत पुष्कळ भक्तिमान ख्रिस्ती होते. म्हणून हा इतिहास परक्या देशाचा असला तरी त्यातील प्रश्न आपला आहे.

मी राहतो ते कुरुद भिलाईजवळचे. धमतरीकडील प्रसिद्ध कुरुद निराळे. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे या परिसरात आहेत. २०२४ च्या जून महिन्यात अठराव्या लोकसभेचे सदस्य शपथ घेत असताना पुष्कळांनी ते दूरदर्शनवर पाहिले. कोणी ईश्वराच्या नावाने शपथ घेत होते, कोणी केवळ दृढकथन करीत होते, तर काहींनी शेवटी आपापल्या घोषणा जोडल्या. पुढे त्या जोडण्यांना आळा घालणारा नियम झाला. आमच्या शास्त्राभ्यासाच्या वर्गातील एका तरुणाने तेव्हा विचारले, "उद्या आपल्यापैकी कोणी तेथे गेला तर त्याने यांपैकी काय म्हणावे?" वर्गातील वडीलधाऱ्यांना उत्तर सोपे वाटले. देवाचे नाव घेण्याची संधी असता ते टाळणे म्हणजे प्रभूला नाकारणे, असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते इतके सोपे वाटत नाही.

भाषांतराचे काम करणाऱ्याला शपथ हा शब्द फार दिवस छळतो. आमच्याकडे छत्तीसगढीत शपथेला 'किरिया' म्हणतात. जुन्या मराठी कागदपत्रांतही शपथ-क्रिया ही जोडी आढळते. पण 'किरिया' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात मरणोत्तर विधीही उभे राहतात. मराठीत आपण शपथ घेतो, शपथ वाहतो, शपथ घालतो. गळ्याची शपथ, आईची आण, लेकराच्या डोक्यावर हात. महाराष्ट्रात पूर्वी बेल-भंडारा उचलून शब्द दिला जाई. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. बोलणारा आपल्या शब्दाला आपल्याहून मोठे, किंवा आपल्याला प्रिय असे काहीतरी तारण ठेवतो. इब्री भाषेत शपथ वाहणे आणि सात हा आकडा यांचे मूळ एकच दिसते. अब्राहाम आणि अबीमलेख यांच्या करारात सात कोकऱ्या वेगळ्या काढल्या गेल्या आणि त्या विहिरीचे नाव बैर-शेबा पडले. तेथेही तारणच आहे.

जुन्या कराराला शपथ वर्ज्य नाही. खोटी शपथ वर्ज्य आहे. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात मात्र याच्या पलीकडे जाऊन शपथ मुळीच नको, आपले होय ते होय आणि नाही ते नाही असावे, असे शिकविले. याकोबाच्या पत्रातही हीच शिकवण पुन्हा येते. मंडळीने ही आज्ञा एकमताने कधीच वाचलेली नाही. पौलाने आपल्या पत्रांत देवाला साक्षी बोलाविले आहे, आणि इब्री लोकांस पत्रात तर देवाने स्वतःचीच शपथ वाहिल्याचे सांगितले आहे. या आधारावर अँग्लिकन मंडळीच्या एकोणचाळीस कलमांपैकी शेवटचे कलम अधिकाऱ्यासमोर शपथ घेण्यास मुभा देते. उलट क्वेकर व मेनोनाइट लोकांनी ती आज्ञा अक्षरशः पाळली आणि त्याबद्दल तुरुंगही सोसले. यांत कोणाचा अर्थ बरोबर, हा वाद मी येथे करीत नाही. मला एका रात्रीकडे लक्ष वेधावयाचे आहे.

मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रमुख याजक येशूला जिवंत देवाची शपथ घालून विचारतो. येशू स्वतः शपथ वाहत नाही. मोजक्या शब्दांत उत्तर देतो आणि ते उत्तर त्याच्या मरणाला कारण होते. त्याच वेळी बाहेर अंगणात पेत्र बसला आहे. पहिल्यांदा तो साधा नकार देतो. दुसऱ्यांदा शपथ वाहून नाकारतो. तिसऱ्यांदा शापोच्चारण करून आणि शपथा वाहून नाकारतो. असत्य जसजसे वाढते तसतशी शपथही वाढते. आत शपथेविना सत्य आहे, बाहेर शपथेसह असत्य आहे, आणि दोहोंमध्ये फार तर एक भिंत. शुभवर्तमानकाराने यावर भाष्य केलेले नाही. परंतु शपथ ही सत्याची हमी आहे असे कोणी मला सांगू लागला की मला ते अंगण आठवते.

आता लंडनकडे वळू. १६०५ साली पार्लमेंट दारूगोळ्याने उडवून देण्याचा कट उघडकीस आला. कटवाले कॅथोलिक होते. पुढील वर्षी राजनिष्ठेची एक नवी शपथ तयार झाली आणि तिच्यात, हे सर्व मी ख्रिस्ती मनुष्याच्या खऱ्या श्रद्धेवर बोलत आहे, अशा अर्थाचे शब्द घालण्यात आले. मनात एक आणि ओठांवर एक असे ठेवून कोणी निसटू नये, हा हेतू. हे शब्द यहूदी लोकांसाठी लिहिलेले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. ख्रिस्ती लोकांनी दुसऱ्या ख्रिस्ती लोकांचा विश्वास वाटेना म्हणून ते लिहिले होते. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी पार्लमेंटच्या सभासदांसाठी जी शपथ ठरली तिच्यातही ते शब्द राहिले.

क्वेकरांचे काय झाले ते पाहा. जॉन आर्चडेल हा क्वेकर १६९८ मध्ये निवडून आला; शपथ घेणार नाही म्हणाल्यामुळे त्याला बसता आले नाही. त्यानंतर १८३३ पर्यंत, जोसेफ पीझ याला प्रतिज्ञेवर बसू देईपर्यंत, सभागृहात एकही क्वेकर नव्हता. ज्यांनी प्रभूच्या शिकवणीचे अक्षर सर्वांत कडक पाळले तेच ख्रिस्ती राष्ट्राच्या सभागृहाबाहेर सव्वाशेहून अधिक वर्षे राहिले! कॅथोलिकांना तर शपथेतील इतर शब्दांमुळे आपला धर्मच नाकारावा लागे. डॅनियल ओ'कॉनेल १८२८ मध्ये आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातून निवडून आला आणि त्याच्या विजयामुळे पुढल्या वर्षी सरकारला कॅथोलिकांसाठी कायदा करावा लागला.

बॅरन लायोनेल रॉथशील्ड हे लंडन शहरातून १८४७ साली निवडून आले. धनाढ्य सावकार, सरकारांना कर्जे देणारे घराणे, सर्वत्र मान. त्यांना सभागृहात बसण्यासाठी काय करावयाचे होते? ते काही शब्द बोलावयाचे होते. त्यांचा अंतःकरणाशी संबंध आहे की नाही हे कोणी तपासणार नव्हते. १८५० मध्ये ते मेजापाशी आले, जुन्या करारावर शपथ घेण्याची परवानगी मागितली आणि ती मिळालीही. शपथ वाचता वाचता ते त्या शब्दांपाशी थांबले. हे शब्द माझ्या विवेकबुद्धीला बंधनकारक नाहीत म्हणून मी ते गाळतो, असे त्यांनी सांगितले. त्यांना बाहेर जाण्यास फर्माविण्यात आले. दुसरे यहूदी, डेव्हिड सालोमन्स, यांनी १८५१ मध्ये ते शब्द गाळून सरळ आसन धरले आणि मतही दिले. त्यांना दंड भरावा लागला. रॉथशील्ड पुन्हा पुन्हा निवडून येत राहिले आणि दाराबाहेर राहिले. कॉमन्सने त्यांच्यासाठी विधेयके संमत करावीत आणि वरिष्ठ सभागृह असलेल्या लॉर्ड्सने ती फेटाळावीत, असा क्रम चालला. लॉर्ड्समध्ये बिशपही बसत. शेवटी प्रत्येक सभागृहाने आपल्यापुरते ठरवावे अशी तडजोड निघाली आणि २६ जुलै १८५८ रोजी, अकरा वर्षांनी, रॉथशील्ड यांनी डोके झाकून, इब्री शास्त्रावर शपथ घेतली. गंमत अशी की त्यानंतर सभागृहात त्यांनी एकही भाषण केले नाही. त्यांचे खरे भाषण १८५० मध्येच, त्या थांबण्यात, होऊन गेले होते असे मला वाटते.

त्याच काळात सभागृहात बेंजामिन डिझरायली बसत होते. तेही जन्माने यहूदी; बारा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांचा बाप्तिस्मा करविला होता. त्यांनी आपल्या पक्षाचा रोष पत्करून रॉथशील्ड यांची बाजू घेतली आणि जे कारण दिले ते विशेष आहे. ज्या लोकांकडून तुम्हांला शास्त्र आणि तारणारा मिळाला त्यांनाच तुम्ही त्या तारणाऱ्याच्या नावाने बाहेर ठेवता, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभागृहाला ते आवडले नाही. आजही काही धर्मसभांना ते आवडणार नाही.

यानंतर ख्रिस्ताचे नाव अडसरावरून गेले, पण देवाचे राहिले. चार्ल्स ब्रॅडलॉ हे १८८० मध्ये नॉर्थम्टनहून निवडून आले. ते उघड नास्तिक होते. व्याख्याने देत, पत्रके काढीत, आणि ख्रिस्ती धर्मावर फार कठोर बोलत. ते वाचून आपल्याला आनंद होणार नाही. पण त्यांनी सभागृहाला पहिली विनंती कोणती केली? मला शपथ देऊ नका, प्रतिज्ञा करू द्या. सभागृहाने कायद्याचा आधार नाही म्हणून नकार दिला. मग ते म्हणाले, ठीक, मी शपथ घेतो. तिच्यातील देवाविषयीचे शब्द माझ्या दृष्टीने अर्थहीन आहेत, परंतु वचन म्हणून ती मला पूर्ण बांधील. सभागृह म्हणाले, ज्याने असे सांगितले त्याला शपथ घेता येणार नाही.

येथे क्षणभर थांबावे. ब्रॅडलॉ काही न बोलता मेजापाशी गेले असते, पुस्तकाचे चुंबन घेऊन पुटपुटले असते, तर त्यांना कोणीही अडविले नसते. त्यांच्या आधी असे झालेही होते. जॉन स्टुअर्ट मिल १८६५ ते १८६८ सभासद होते; त्यांची ख्रिस्ती धर्मावर श्रद्धा नव्हती हे सर्वांस ठाऊक, तरी ते शपथ घेऊन बसले. याच मिल यांनी १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात न्यायालयातील शपथेविषयी दाखवून दिले होते की नास्तिकाची साक्ष नाकारणारा नियम खोटे बोलणाऱ्या नास्तिकाला आत घेतो आणि खरे बोलणाऱ्याला बाहेर काढतो. मग असा नियम कशाची चाळणी करतो? सत्यवाद्यांची. हे कुलूप चोराला उघडता येते. ते अडविते फक्त घरधन्याला.

ब्रॅडलॉ यांना जून १८८० मध्ये सभागृहाच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडण्यात आले. त्यांचे आसन रिकामे धरले गेले. नॉर्थम्टनच्या लोकांनी, ज्यांत चांभारकाम करणारे पुष्कळ होते, त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. ऑगस्ट १८८१ मध्ये पोलिसांनी त्यांना दारातून ओढून बाहेर काढले. कॅथोलिक कार्डिनल मॅनिंग यांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या दारातून कॅथोलिक स्वतः बाहेर होते त्या दारावर आता त्यांचे धर्मगुरू पहारा देत होते. मला या इतिहासातील सर्वांत दुःखद गोष्ट ही वाटते. आपल्यावरील अन्याय दूर झाला की त्याची आठवणही किती लवकर दूर होते!

एका ख्रिस्ती मनुष्याने मात्र वेगळे बोलण्याचे धैर्य दाखविले. पंतप्रधान ग्लॅडस्टन हे उपासनेत आणि शास्त्राभ्यासात मुरलेले गृहस्थ होते. एप्रिल १८८३ मध्ये प्रतिज्ञेची मुभा देणाऱ्या विधेयकावर त्यांनी भाषण केले. ब्रॅडलॉ यांच्या मतांचा त्यांना तिटकाराच होता. पण ते म्हणाले ते असे: यहूद्यांना प्रवेश दिल्यापासून ख्रिस्त ही कसोटी राहिलेली नाही, आता उरली आहे ती कोणत्या तरी देवाची. ज्याचा मनुष्याशी काहीही संबंध नाही असा अमूर्त देव मानणारा तुम्हांला चालतो, आणि त्याच्यापेक्षा प्रामाणिक असा न मानणारा चालत नाही. यात धर्माचे रक्षण कोणते? मनुष्यांची देवावाचून जगण्याची खरी रीत देव नाही असे म्हणण्याची नसते, तो आहे पण आमच्या व्यवहारात नाही असे वागण्याची असते. या विचारासाठी त्यांनी भर सभागृहात लॅटिन कवी लुक्रेशियसच्या ओळी म्हटल्या. विधेयक तीन मतांनी पडले, २९२ विरुद्ध २८९.

दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण ती मूर्खांची बाजू नाही. सहिष्णुतेवर १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेले जॉन लॉक यांचे पत्र प्रसिद्ध आहे. त्यातही लॉक नास्तिकाला वगळतात. ज्याला देव नाही त्याला वचन, करार, शपथ यांचे बंधन राहणार नाही, असे त्यांचे कारण. आपल्या अनुभवातही याला आधार आहे. रोजच्या बोलण्यात सहज खोटे बोलणारी माणसे लेकराच्या डोक्यावर हात ठेवण्याची वेळ आली की थबकतात. राज्याला मनुष्यांची अंतःकरणे दिसत नाहीत. मग त्याने ही भीती का वापरू नये?

राज्याने ती वापरली तर मी राज्याला फारसा दोष देणार नाही. पण शिष्याने त्यात समाधान मानावे काय? शपथ बोलण्याचे दोन भाग करते: एक तारण ठेवलेले, दुसरे मोकळे. मोकळ्या भागात थोडे इकडचे तिकडे झाले तर चालते, असे शपथेचे अस्तित्वच सुचविते. येशूचा आक्षेप मला या ठिकाणी दिसतो. त्याला भाषणाचा एकही कोपरा देवाच्या श्रवणाबाहेर ठेवावयाचा नाही. ज्याचे सर्व बोलणे देवासमोर आहे त्याला एखाद्या वाक्यापुरते देवाला बोलावून आणण्याची गरज उरत नाही. म्हणून त्या तरुणाला मी सांगितले की शपथ घेणाऱ्या ख्रिस्ती सभासदाला मी दोषी ठरविणार नाही, पण माझी निवड दृढकथन असेल. राज्यघटनेच्या मराठी भाषांतरातील हा शब्द जड आहे. बाजारात कोणी तो बोलत नाही. तरीही प्रभूच्या होय-नाहीला आपल्या कायद्याच्या भाषेत याहून जवळचा शब्द मला आढळला नाही. वडीलधारी मंडळी या उत्तराने प्रसन्न झाली नाहीत.

शब्द उच्चारावे पण मानू नयेत, हा तिसरा मार्गही माणसांनी वापरला आहे, आणि त्याचे एक चित्र विसरता येत नाही. आयर्लंडचे स्वतंत्र राज्य १९२२ मध्ये स्थापन झाले तेव्हा तेही ब्रिटिश राजाखालील घटनात्मक राज्य होते आणि त्याच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे डॉइलमध्ये, राजाच्या नावाचा उल्लेख असलेली शपथ होती. ही शपथ ज्या तहात होती त्यावरून सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध बंदुका घेऊन उभे राहिले. जवळजवळ वर्षभर यादवी चालली. शपथेचे विरोधक एमन डी व्हॅलेरा पाच वर्षे सभागृहाबाहेर राहिले. ऑगस्ट १९२७ मध्ये ते आत आले. मेजावर नोंदवही होती आणि पवित्र शास्त्र होते. मी शपथ घेत नाही, असे त्यांनी अधिकाऱ्याला सांगितले. पवित्र शास्त्र उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले. शपथेचा मजकूर झाकला आणि खाली सही केली. ही एक पोकळ औपचारिकता आहे, असे त्यांचे म्हणणे.

मला ही कृती पटत नाही. सही शपथेखाली आहे हे त्यांनाही ठाऊक होते आणि अधिकाऱ्यालाही. रॉथशील्ड शब्द गाळतात आणि बाहेर जातात. डी व्हॅलेरा शब्द झाकतात आणि आत येतात. आणि तरीही, त्या दारासाठी रक्त सांडलेल्या देशात पुन्हा रक्त सांडू नये म्हणून एखाद्याने आपल्या शब्दाची अब्रू गहाण टाकली असेल, तर दूर बसून दगड मारणे मला जमत नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. असत्य सहीच्या वेळी त्यांनी पवित्र शास्त्र तरी दूर ठेवले. कित्येक जण ते हातात घेऊन हेच करतात. सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी ती शपथ रद्द केली. मालवण तालुक्यातील वराड गावाशी पितृकुळाचे नाते असलेले लिओ वराडकर पुढे या सभागृहाचे सदस्य आणि २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. तेव्हा तेथील सदस्याला दारात कोणाचीच शपथ राहिली नव्हती. उत्तर आयर्लंडमधून ब्रिटनच्या कॉमन्सवर निवडून येणारे शिन फेनचे सभासद मात्र आजही राजनिष्ठेची शपथ घेत नाहीत आणि म्हणून आपल्या आसनावर कधीच बसत नाहीत.

आपण भारतातील ख्रिस्ती लोक संख्येने थोडे आहोत. तेव्हा कोणी म्हणेल, हा सारा युक्तिवाद अल्पसंख्याकाच्या सोयीचा आहे. उद्या आपल्याला दाराबाहेर राहावे लागू नये म्हणून आज आपण दार मोकळे असावे म्हणतो. सोय आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईतील मंडळीचा आरंभच अशा एका प्रश्नातून गेला आहे. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहर खवळले आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने त्याला आपल्या इच्छेप्रमाणे जाण्यास मोकळे केले. विवेकबुद्धीला मिळालेल्या त्या संरक्षणातून आपल्याला एक थोर पाळक मिळाले. एका नौरोजीसाठी आपण जे मागितले ते दुसऱ्या नौरोजीला, अवेस्ता हाती धरणाऱ्याला, नाकारण्याचे तोंड आपल्याला कोठून येणार? पण सोयीपलीकडचे कारण अधिक बलवान आहे. आपण बहुसंख्य असतो तरी ख्रिस्ताचे नाव दाराचा अडसर म्हणून वापरण्याचा अधिकार आपल्याला नसता. ज्याने स्वतःला दार म्हटले त्याच्या नावाने दारे बंद करणे, आणि तीही खरे बोलणाऱ्यांसाठी, हा त्या नावाचा व्यर्थ उपयोगच आहे.

आपली घटनासमिती १९४८ मध्ये मसुद्यावर चर्चा करीत होती तेव्हा भारतही औपचारिकपणे राजा सहावे जॉर्ज यांच्या अधिपत्याखालील वसाहतराज्य होते. शपथेच्या मसुद्यात ईश्वराचे नाव नव्हते. ते असावे असा आग्रह झाला, वाद झाला, आणि अखेरीस दोन्ही पर्याय एकाखाली एक लिहिले गेले. ईश्वराच्या नावाने बोलणाऱ्याला आणि त्याविना बोलणाऱ्याला एकाच वाक्यात जागा मिळाली. ज्या देशात बेल, तुळस, गंगाजल आणि कुराण यांवर हात ठेवून साक्षी झाल्या तेथे हे घडले, ही लहान गोष्ट नव्हे.

ब्रॅडलॉ यांची हकीकत अपुरी राहिली आहे. जानेवारी १८८६ मध्ये नवे सभापती आर्थर पील यांनी कोणाचीही हरकत ऐकून घेण्यास नकार दिला आणि ब्रॅडलॉ यांनी शपथ घेऊन आसन घेतले. आत गेल्यावर त्यांनी १८८८ चा शपथविषयक कायदा करवून घेतला. ज्याला धर्मच नाही त्याला, आणि ज्याचा धर्म शपथेला मनाई करतो त्यालाही, यापुढे सर्व ठिकाणी प्रतिज्ञा करता येऊ लागली. क्वेकरांना एकेका कायद्याने तुकड्या-तुकड्यांनी मिळालेली सवलत सर्वांना सरसकट मिळाली ती एका नास्तिकाच्या हातून. डोंगरावरील प्रवचन अक्षरशः पाळू इच्छिणाऱ्या कोणत्याही ख्रिस्ती मनुष्यासाठी तेथे जाण्याची वाट त्या कायद्याने मोकळी झाली.

ते हिंदुस्थानच्या प्रश्नांत इतके लक्ष घालीत की त्यांना हिंदुस्थानचे सभासद म्हणत. मोठ्या दुखण्यातून उठून १८८९ च्या डिसेंबरात ते मुंबईला काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनास आले. २७ जानेवारी १८९१ रोजी कॉमन्सने त्यांच्याविरुद्धचा १८८० मधील आपला ठराव नोंदवहीतून पुसून टाकण्याचे ठरविले. त्या वेळी ते अंथरुणावर बेशुद्ध होते. तीन दिवसांनी ते वारले. ठराव पुसला गेल्याचे त्यांना कळले नाही. त्यांच्या अंत्ययात्रेला लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेणारे तरुण मोहनदास गांधी गेले होते. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात दादाभाई आपले लहानसे पुस्तक घेऊन त्याच मेजापाशी उभे राहिले, आणि शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांना काहीही विचारले नाही.